पहिल्यांदाच महाबळेश्वरला जाताय? वाईच्या माहेरवाशिणीचा सल्ला

पुण्यात नोकरीसाठी नव्याने आलेल्या मंडळींची पहिली मोठी सहल बहुधा महाबळेश्वरचीच असते. परत आल्यावरचं त्यांचं पहिलं वाक्यही ठरलेलं: "गर्दी फार होती हो." शनिवारी आरामात दहाला निघायचं, दुपारभर वेण्णा तलावाजवळच्या रांगेत अडकायचं, रविवारी टॅक्सीवाला दाखवेल ते बारा पॉइंट उरकायचे आणि संध्याकाळी अख्ख्या पुण्याबरोबर घाट उतरायचा. असं केल्यावर गर्दीशिवाय दुसरं दिसणार तरी काय?

माझं माहेर वाईचं, सासर पुण्याचं. वाईच्या माणसांना 'वर' जाणं म्हणजे सहल वाटत नाही. कुणाचं शेत वर असतं, कुणाची नोकरी पाचगणीच्या शाळेत. त्यामुळे ऑफिसात दर डिसेंबरला माझ्या टेबलाशी चौकशी खिडकी उघडते. तिथे जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवतेय. महाबळेश्वरला गर्दी आहे हे खरं, पण ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी असते. तेवढं चुकवता आलं की डोंगर आजही जागेवरच आहे.

१. आधी ऋतू ठरवा, मग तारीख

ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या मते सगळ्यात चांगला. पाऊस नुकताच उघडलेला असतो, लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी असतं, दऱ्या हिरव्या आणि हवा धुतलेली. फक्त दिवाळीचा आठवडा टाळा.

डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि स्ट्रॉबेरी. या दिवसांत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात. बातम्यांत येतं ते हेच, बर्फ पडत नाही. हिमकण बघायचे तर सूर्य वर यायच्या आत तिथे पोहोचा. नऊ वाजता जाऊन "कुठंय बर्फ?" विचारणारे दरवर्षी भेटतात. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांबद्दल मी काही सांगत नाही, कारण तेव्हा आम्ही वाईकरसुद्धा वर जात नाही.

पावसाळ्याबद्दल स्पष्टच सांगते. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला सरासरी ५,५०० च्या आसपास. जुलैत पॉइंटवर उभं राहिलात तर समोर पांढरा पडदा दिसेल, दरी नाही. धुकं, भिजलेले रस्ते आणि खोलीतला ओलसर वास आवडत असेल तर जरूर जा, खोल्याही स्वस्त मिळतात. पण "पॉइंट बघायला" जुलैत जाऊ नका.

शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवार जमवता आले तर या लेखातला निम्मा भाग वाचायची गरज उरणार नाही.

२. मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

फोटोवर जाऊ नका. फोन करून हे नीट विचारा:

- बाजारपेठेपासून अंतर किती? "जवळच आहे" हे उत्तर चालणार नाही. किलोमीटर विचारा आणि नकाशावर स्वतः बघा. मेटगुताड, अवकाळी, भिलार या गावांतले बंगलेही 'महाबळेश्वर' म्हणूनच विकले जातात. ती गावं छान आहेत, शांतही आहेत, पण संध्याकाळी पायी बाजारात हिंडता येणार नाही.
- खोली कधी मिळणार, कधी सोडायची? काही ठिकाणी सकाळी नऊलाच खोली रिकामी करायला लावतात.
- 'व्हॅली व्ह्यू' नेमका कुठल्या खोलीतून? बऱ्याचदा तो गच्चीवरून असतो.
- गरम पाणी किती ते किती? जानेवारीत हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा.
- गाडी आवारात लागेल का? बाजाराच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं हा नशिबाचा भाग आहे.

सगळ्यात मोठा सापळा खोट्या बुकिंगचा. नामांकित हॉटेलच्या किंवा एमटीडीसीच्या नावाने बनावट पानं तयार करून आगाऊ पैसे उकळले जातात. भाव जरा जास्तच स्वस्त वाटला, समोरचा "आत्ताच्या आत्ता अर्धे पाठवा" म्हणून मागे लागला आणि खातं कुणा व्यक्तीच्या नावावर असलं, तर फोन ठेवून द्या. एमटीडीसीचं बुकिंग त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा.

तिथे पोहोचल्यावर दुचाकीवरून गाडीशेजारी येऊन "रूम पाहिजे का?" विचारणारे भेटतील. बुकिंग असेल तर काच खाली करायचीही गरज नाही. बुकिंग नसेल तर खोली डोळ्यांनी बघून, नळ उघडून, मगच पैसे द्या.

३. कागदपत्रं आणि पिशवी

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. हॉटेलात सगळ्यांचं मागतात, एकाचं दाखवून भागत नाही.
- गाडीचे कागद, विमा, पीयूसी, लायसन्स. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते निघण्याआधी बघा.
- सुटे पैसे. नगरपालिकेचा प्रवेश कर, पॉइंटवरच्या वनसमितीची पावती, पार्किंग, कणीस, चणे... मोबाइलने पैसे देता येतात, पण रेंज गेली की सगळं अडतं.
- स्वेटर आणि कानटोपी मार्चपर्यंत, वारा अडवणारं जाकीट बाराही महिने. बॉम्बे पॉइंटवर सूर्य बुडाला की पाच मिनिटांत हवा बदलते.
- मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट. जांभा दगड ओला झाला की भयंकर घसरडा होतो.
- आवळा सुपारी किंवा लिंबू, आणि दोन-चार कागदी पिशव्या. वाईवरून वर चढणाऱ्या पसरणी घाटाच्या वळणांवर पोरांना मळमळतंच.

एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून थेट गाड्या आहेत. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा. वर पोहोचल्यावर महाबळेश्वर आगारातून दर्शनाच्या एसटी गाड्याही सुटतात. वेळा आदल्या दिवशी आगारातच विचाराव्यात.

४. पहाटे पाचला निघा, नाश्ता वाईत

अंतर साधारण १२० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास. शनिवारी सकाळी आठनंतर निघालात तर नवले पूल, खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट मिळून किती वेळ खातील याचा भरवसा नाही. खंबाटकी उतरल्यावर वेळे गाव जातं आणि मग सुरूर फाटा येतो. तिथे उजवीकडे वळायचं. बोलण्याच्या नादात हा फाटा हमखास चुकतो. चुकलाच तर घाबरू नका, पुढे जोशी विहिरीवरूनही वाईला येता येतं.

महामार्ग तुंबल्याचं आधीच कळलं तर कापूरहोळवरून भोर, मांढरदेवीचा घाट आणि वाई असाही रस्ता आहे. वळणं जास्त, रस्ता अरुंद. नवशिक्या चालकाने आणि अंधारात नको.

आता वाईबद्दल. माहेर आहे म्हणून म्हणत नाही, पण महाबळेश्वरला जाणारे वाईतून नुसतेच धडाधड निघून जातात याचं वाईट वाटतं. सकाळी साडेसातला कृष्णेच्या घाटावर या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नदीच्या बाजूने माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. दर्शन घेऊन सगळे मागे फिरतात, ती भिंत बघायला कुणी जात नाही. बाजूने पायऱ्या उतरून बघा. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली, नाना फडणविसांचा वाडा आणि घाट. घाटावर लहानशा देवळीत टांगलेली भली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. नाश्ता, ढोल्या गणपती आणि मेणवली धरून दीड तास पुरतो.

पेट्रोल वाईतच भरून घ्या.

५. पसरणी घाट चढताना

वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, त्यातला बहुतेक घाटच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे, तो उतरताना तुम्ही पाळा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. धुक्यात हेडलाइटचा झोत खाली ठेवा, वरचा झोत लावलात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. आणि फोटोसाठी वळणावर गाडी थांबवू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. हॅरिसन फॉलीसारख्या गाडी लावता येणाऱ्या जागा आहेत, तिथे थांबा.

पाचगणीचं टेबललँड बघायचं तर आत्ताच, सकाळी. जांभ्याचं विस्तीर्ण पठार, वारा आणि खाली धोम धरणाचं पाणी. दहानंतर घोडे, टांगे आणि धूळ. घोड्यावर बसायचंच असेल तर फेरी कुठून कुठपर्यंत आणि माणशी किती की घोड्यामागे किती, हे बसण्याआधी ठरवा. अर्ध्या वाटेत "पुढचं वेगळं" सुरू होतं.

६. रोज एकच दिशा

हा या लेखाचा गाभा. महाबळेश्वरचे पॉइंट एका रांगेत नाहीत, गावाभोवती वेगवेगळ्या दिशांना पांगले आहेत. एकाच दिवशी सगळे करायला गेलात की दर वेळी बाजारातून जावं लागतं आणि दिवस गाडीतच संपतो. म्हणून एका दिवशी एक दिशा.

उत्तरेची बाजू: क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट. पहिल्या मुक्कामानंतरची सकाळ हिला द्या. सात-साडेसातला जुन्या महाबळेश्वरात पोहोचा. सध्याचा बाजार म्हणजे इंग्रजांनी वसवलेलं माल्कम पेठ, मूळ महाबळेश्वर हे देवस्थान. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. सरस्वती आणि भागीरथीही इथे मानतात, पण त्या रोज दर्शन देत नाहीत. भागीरथी बारा वर्षांनी, सरस्वती साठ वर्षांनी. सकाळी तिथे पुजारी, दोन-चार म्हाताऱ्या आणि पाण्याचा आवाज एवढंच असतं. ओंजळीत पाणी घ्या, बोटं बधिर होतात. शेजारच्या महाबळेश्वराच्या देवळात १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली होती.

इथून बहुतेक लोक परत गाडीकडे वळतात. तुम्ही मात्र पंचगंगेच्या मागच्या अंगाला थोडं चालून कृष्णाबाईच्या देवळापर्यंत जा. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, कोरीव खांबांचं देऊळ. समोर कृष्णेचं खोरं उघडं पडलेलं. पाटी लहान आहे, कुणालाही विचारलं तर सांगतात.

मग आर्थर सीट. वाटेत एल्फिन्स्टन, सावित्री वगैरे पॉइंट आहेत. वेळ कमी असेल तर ते सोडा आणि थेट शेवटी जा. आर्थर सीटच्या एका अंगाला सावित्रीचं खोल, कोकणात कोसळणारं खोरं, दुसऱ्या अंगाला त्या मानाने उथळ असं जोर खोरं. एकाच कड्यावर उभं राहून घाट आणि कोकण असे दोन्ही बघता येतात. वाऱ्याच्या दाबाने हलकी वस्तू खाली टाकली तरी वर येते, म्हणून लोक बाटल्यांची झाकणं आणि वेष्टनं फेकून बघतात. ती सगळी वर येत नाहीत. खाली दरीत कचरा साठलाय, कृपा करून त्यात भर घालू नका. माकडांना खायला देऊ नका आणि हातात प्लास्टिकची पिशवी धरून फिरू नका. पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पश्चिमेची बाजू: प्रतापगड. आंबेनळी घाटाने चोवीसेक किलोमीटर. यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. "जाता जाता प्रतापगड करू" असं म्हणू नका. किल्ला १६५६ च्या सुमारास बांधला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, इतकं ठाऊक असतंच. पण बालेकिल्ल्यावर उभं राहून खालचं जावळीचं रान बघितल्याशिवाय खानाला इथवर का आणलं ते कळत नाही. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी भवानीच्या देवळापर्यंत जाऊन थांबावं. गडावर घराघरांतून पिठलं-भाकरी मिळते. वर जातानाच सांगून ठेवा, उतरेपर्यंत तयार असते.

गावाजवळचे पॉइंट. विल्सन पॉइंट सूर्योदयासाठी. हा महाबळेश्वरातला सगळ्यात उंच माथा, सुमारे १,४४० मीटर, आणि बाजारापासून चालत जाण्याजोगा. सूर्यास्ताला सगळं गाव बॉम्बे पॉइंटला लोटतं. लॉडविक पॉइंट त्यामानाने मोकळा असतो, मी पाहुण्यांना तिकडेच नेते. केट्स पॉइंट पाचगणीच्या वाटेवर आहे, म्हणून तो येताना किंवा परतताना करा. धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी तिथून छान दिसतं.

तापोळा पंचवीसेक किलोमीटर, खाली कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी. तिसरा दिवस हाताशी असेल तरच.

वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवला. सकाळी सुंदर, शनिवारी संध्याकाळी नौकाविहाराला तास-तासभर रांग. दरफलक वाचा, रांग बघा आणि स्वतः ठरवा.

टॅक्सी करणार असाल तर महाबळेश्वर दर्शन, पाचगणी दर्शन, प्रतापगड, तापोळा असे ठरीव गट असतात. दराचा फलक टॅक्सी तळावर असतो. भावाची घासाघीस फारशी चालत नाही. विचारायचं ते हे: यादीत नेमके कुठले पॉइंट, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार? 'बारा पॉइंट' मधले तीन-चार म्हणजे एकाच वाहनतळावरून दिसणारे कठडे असतात. त्यापेक्षा पाचच सांगा आणि निवांत थांबा.

७. स्ट्रॉबेरी घेताना

हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशातल्या उत्पादनाचा फार मोठा वाटा याच तालुक्याचा. विंटर डॉन, स्वीट चार्ली, नाभिला अशी वाणांची नावं विक्रेत्यांच्या तोंडी ऐकाल.

रस्त्याकडेच्या टपरीवर पेटी घेताना वरची फळं बघून भुलू नका. पेटी पारदर्शक असेल तर उलटी करून तळ बघा. गत्त्याची असेल तर विक्रेत्याला वरचा थर उचलायला सांगा. चांगला शेतकरी कुरकुर न करता उचलतो. फळ देठापर्यंत लाल हवं. देठाजवळ पांढरा पट्टा असेल तर ते लवकर तोडलंय, आणि स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होईल पण गोड होत नाही. हिरवी पानं ताठ असली की आज सकाळचा तोडा. सुकून वळलेली असली की कालचा. आकाराला फसू नका, मध्यम फळ बहुधा जास्त गोड निघतं.

त्याहून बरं म्हणजे भिलार, मेटगुताड किंवा अवकाळीकडच्या शेतावर सकाळी जा. काळ्या प्लास्टिकच्या गादीवाफ्यांवर ओळीने रोपं असतात. फळ ओढायचं नाही, देठ दोन बोटांत धरून नखाने खुडायचा. आधी विचारल्याशिवाय वाफ्यात पाय टाकू नका. खाली ठिबकच्या नळ्या असतात. भिलारला गेलातच तर ते 'पुस्तकांचं गाव'ही आहे, २०१७ पासून. घराघरांत मराठी पुस्तकं ठेवलीत, बसून वाचता येतात.

पेटी शक्यतो परतीच्या दिवशी सकाळी घ्या. डिकीत ठेवू नका, पायाशी सावलीत ठेवा. घरी आल्यावर न धुता कागदावर पसरून फ्रिजमध्ये, आणि खायच्या वेळीच धुवा. धुऊन ठेवलेली दुसऱ्या दिवशी बुरसटते.

८. बाकी खाणं आणि खरेदी

गरम मसाला चणे, मक्याचे पॅटीस आणि स्ट्रॉबेरी क्रीम. क्रीम बाजारात घ्या किंवा शेताजवळच्या टपरीवर, फरक फळाचा असतो, दुकानाचा नाही. वेण्णा तलावाजवळची लालबुंद गाजरं आणि मुळे घरी घेऊन या. मध घ्यायचा तर सहकारी संस्थेच्या किंवा खादी ग्रामोद्योगच्या विक्री केंद्रातून. तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथेही मिळतो. रस्त्यावर बादलीत पोळं ठेवून "समोर पिळून देतो" म्हणणाऱ्यांकडून घेऊ नका. चामडी चपलांचे भाव मात्र बिनदिक्कत पाडून मागा.

९. परत येताना

रविवारी दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात निघू नका. वेण्णा तलाव, गुरेघरची मॅप्रो बाग, पाचगणी बाजार, सुरूर, खेड शिवापूर, नवले पूल अशी कोंडीची माळच लागते. एक तर सकाळी अकराच्या आत निघा आणि जेवण वाईत करा, किंवा सोमवारी पहाटे पाचला निघून ऑफिस गाठा. दुसरा पर्याय ऐकायला वेडेपणाचा वाटतो, पण रविवारची संध्याकाळ जवळजवळ रिकाम्या महाबळेश्वरात मिळते.

पाचगणीत गाड्या थांबल्याचं कळलं तर केळघर घाट उतरून मेढा आणि साताऱ्यामार्गे महामार्ग गाठता येतो. पन्नासेक किलोमीटर जास्त पडतात, पण गाडी चालत राहते. पावसाळ्यात मात्र तो घाट नको, तिथे दरड कोसळते. जून ते सप्टेंबर वाईमार्गेच उतरा, उशीर झाला तरी.